हात आधी हलतो, मग घडतो

काय काम करतेस, असं कुणी विचारलं की मी सांगते, अंड्याला खिडकी पाडते. बहुतेक लोक हसतात आणि दुसरा विषय काढतात. पिपरी मेघेला ज्यांच्या घरी मी भाड्याने राहते त्या काकूंनी मात्र तो विषय कधीच सोडला नाही. "अंडं फोडायला एवढं शिक्षण कशाला लागतं गं? आमची सून रोज सकाळी चार फोडते, तिला कुणी पगार देत नाही."

सुनेला पगार द्यायला हवा, हे माझं मत मी काकूंना पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं आहे. राहता राहिलं अंडं. ते फोडायचं नसतं, उघडायचं असतं, आणि उघडल्यावर आतला जीव आपल्या कामात तसाच चालू राहिला पाहिजे. मी वर्ध्याजवळच्या एका संशोधन प्रयोगशाळेत सहायक आहे. कोंबडीच्या अंड्यात गर्भ वाढत असताना त्याचे मज्जातंतू आणि त्याचे स्नायू एकमेकांना कसे जोडले जातात, ते पाहणं हा आमचा धंदा.

माझं बालपण नालवाडीत पुस्तिकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलं. बाबा नोकरी सांभाळून अंधश्रद्धेविरुद्धच्या पुस्तिका विकायचे. कुठे सभा असली की जमिनीवर चादर अंथरायची आणि दोन-दोन, पाच-पाच रुपयांच्या पुस्तिका मांडायच्या. ग्रहण म्हणजे काय, अंगात येतं म्हणजे काय, बाईला दोष का लागतो. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे मला दोन सवयी लागल्या. एक, प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायचं. दुसरी, उत्तर मिळालं की ते चौकात जाऊन मोठ्यांदा सांगायचं. पहिली सवय या कामात रोज उपयोगी पडते. दुसरीबद्दल पुढे सांगते.

आधी काम सांगते. गावरान कोंबडीचं, कोंबडा फिरलेलं अंडं घ्यायचं. दुकानातलं पांढरं अंडं चालत नाही, त्यात जीव धरलेला नसतो. अंडं उबवणी पेटीत आडवं ठेवायचं, म्हणजे गर्भ तरंगून वरच्या बाजूला येतो. तीनेक दिवसांनी सुईने थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा. आतली पातळी खाली गेली की गर्भ कवचापासून सुटतो. मग वर पारदर्शक चिकटपट्टी लावून बारीक कात्रीने नखाएवढी खिडकी कापायची आणि पुन्हा पट्टीने बंद करायची. कात्री जराशी खोल गेली की रक्तवाहिनी तुटते. अशी माझ्या हातून किती गेली, ते मी आईला सांगत नाही. आई अजून विचारते, "जीव असते ना व त्यात?" असतो. कामावर निघताना हे उत्तर माझ्यासोबत असतं आणि ते हलकं होत नाही.

खिडकीतून पहिल्यांदा दिसतं ते हृदय. टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका, धडधडणारा. ते सगळ्यांनाच आवडतं. मला वेड लावलं ते त्यानंतरच्या गोष्टीने. आठवड्याभरात गर्भ हलायला लागतो. आधी मान आणि धड, मग पायाचे नुसते फुगवटे असतात तेही झटके देतात. चोच नाही, पिसं नाहीत, बघण्यासारखं काही नाही, कुठे जायचं नाही. तरी हलतो. का हलतो?

स्नायूच्या पेशी पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून पायाच्या फुगवट्यात जातात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांचे लांबट धागे होतात. मज्जातंतू नंतर निघतात, कण्यातून, टोकाने चाचपडत. अंधारात भिंत चाचपत जाणाऱ्या माणसासारखं ते टोक पुढे सरकतं, थांबतं, वळतं. आणि इकडे स्नायूचा धागा, तंतू अजून वाटेतच असताना, आपल्या मधल्या भागात निरोप झेलण्याची सोय करून ठेवायला लागतो. हे मला प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, "त्याला कोण सांगतं, पाहुणे येणार आहेत म्हणून?" सर फार कमी बोलतात. म्हणाले, "छान प्रश्न आहे. कामाला लागा."

तंतू पोहोचला की त्याच्या टोकाखाली ती सगळी सोय दाटीने गोळा होते. दोघं एकमेकांना चिकटत मात्र नाहीत. मध्ये एक बारीकशी फट राहते. तंतू फटीत रसायन सोडतो, पलीकडचा स्नायू ते घेतो आणि आखडतो. सुरुवातीला एकाच धाग्यावर पुष्कळ तंतू येऊन बसतात. मग त्यांच्यात चढाओढ होते, एक टिकतो आणि बाकीचे हात काढून घेतात. तुम्ही हे पान उलटाल तेव्हा बोटाच्या प्रत्येक धाग्याला जो एकच तंतू हुकूम देतो, तो त्या झगड्यात उरलेला.

ही जागा सूक्ष्मदर्शकाखाली दिसावी म्हणून आम्ही काय वापरतो, हे ऐकलं की आमच्याकडचे लोक खुर्ची मागे सरकवतात. मण्यारीच्या कुळातल्या सापाच्या विषातला एक घटक. मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या मिटत जातात, मग श्वास बंद पडतो, कारण ते विष नेमकं या फटीतच काम अडवतं. विषाचा हाच घटक स्नायूच्या त्या सोयीला घट्ट धरून बसतो. त्याला चमकणारा रंग जोडला की अंधाऱ्या खोलीत हिरवे ठिपके उजळतात. ज्या सापाच्या भीतीने आमच्या भागात लोक खाटेवर निजतात, त्याच्या विषाने आम्ही गर्भातला दिवा लावतो. हे वाक्य एकदा मी शाळकरी मुलींसमोर बोलले, तेव्हा एकीने विचारलं, "मॅडम, मग साप कोण पकडते?" साप आम्ही पकडत नाही. विष कुपीतून येतं, बर्फात. तिची निराशा झाली.

आणि मे महिना. जगभर अंडी उबवायला उष्णता पुरवावी लागते. आमच्याकडे मेमध्ये खोलीच पेटीपेक्षा तापते. पेटीला गरम करता येतं, गार करता येत नाही. वीज गेली की आम्ही पोती भिजवून खिडक्यांना लावतो आणि अंड्यांना वारा घालत बसतो. एम.एस्सी. करून मी कोंबडीच्या अंड्यांना पुठ्ठ्याने वारा घालते, हे काकूंना अजून कळलेलं नाही.

आता गजानन. आमची अंडी आंजीहून येतात. गजानन मोटरसायकलच्या मागे भुसा भरलेल्या खोक्यात ती बांधून आणतो, खड्डे चुकवत. कोंबड्या त्याच्या आईच्या, गिरजाबाईंच्या. गिरजाबाईंना मी तेव्हा पाहिलं नव्हतं, फक्त निरोपांतून ओळखत होते. "माय इचारून राह्यली, तुमी अंडे खात नाई, इकत नाई, मंग करता काय?" मी दर वेळी सांगायचे, घेऊन या त्यांना एकदा. त्या येत नव्हत्या.

गेल्या वर्षी गजानन काही दिवस आला नाही. आला तेव्हा खोकं उतरवून तिथेच उभा राहिला. मुलगी झाली म्हणाला, नाव स्वरा. मी पेढे मागितले. तो म्हणाला, "पेढ्यायचं राहू द्या ताई. पोरीचे हातपाय आखडले हायेत. कोपर वाकत नाई, पाय आत वळले. डॉक्टर म्हनते दर आठवड्याले पलास्तर बदलवा, घरी व्यायाम द्या. माय म्हनते गिरान लागलं."

त्याची बायको रूपाली पोटुशी असताना ग्रहण आलं होतं. गिरजाबाईंनी तिला रीतीप्रमाणे ग्रहण सुटेपर्यंत उताणं निजवलं. हात सरळ, पाय सरळ, काही कापायचं नाही, कूस वळायची नाही. बाईने अंग मुडपलं तर लेकराचं अंग मुडपतं, अशी समजूत. मध्येच खुराड्यात मांजर शिरलं, कोंबड्या ओरडल्या, आणि रूपाली उठून गेली. आता पोरीचे पाय वळलेले निघाले. दोष कुणाचा, हे आंजीत सगळ्यांना पाठ होतं.

माझं डोकं तापलं. तिथल्या तिथे, फाटकात उभी राहून, मी गजाननला सगळं सांगितलं. सावली चंद्रावर पडते, बाईच्या पोटावर पडत नाही. आणि सांधे का आखडतात, ते तर मला रोज दिसत होतं. आमच्या प्रयोगांत काही गर्भांची हालचाल औषधाने थांबवावी लागते. त्यांच्या गुडघ्यात सांधा नीट सुटाच होत नाही, दोन हाडं एकमेकांना धरून बसतात. हाताला हात व्हायचं तर आधी हलावं लागतं. "बाळ पोटात हललं नाही की सांधे आखडतात," मी म्हणाले. "रूपालीले इचारा, हालचाल कमी होती का थे." वाक्य बरोबर होतं. आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही. बाबांच्या चादरीवर ते शोभलं असतं.

पुढच्या खेपेला गजाननसोबत रूपाली आली. तिला पलास्तरासाठी वर्ध्याला यायचंच होतं. सडपातळ, डोळे खोल गेलेले. मुलीच्या दोन्ही पायांना मांडीपर्यंत पांढरं पलास्तर. गजानन खोकं आत ठेवायला गेला तशी ती त्याच्या पाठीकडे पाहत म्हणाली, "तुमी यायले काय सांगतलं ताई?"

मी सांगितलं.

"थे मले माहीत होतं," ती म्हणाली. "पोट शांतच असे. जावेले इचारलं तं म्हने पोरगी असन, गरीब असन. पन तुमी सांगतल्यावर यायनं घरी काय केलं ते इचारा. मायले म्हनाले, तूच हिले गिरानात निजवून ठेवलं, हालू नाई देल्लं, म्हून माही पोरगी आखडली. असं भर अंगनात. लोकं उभे होते."

गजाननने माझं वाक्य अख्खंच्या अख्खं घरी नेलं होतं. फक्त 'बाळ हललं नाही' याचा अर्थ त्याने 'बाई हलली नाही' असा लावला होता. ग्रहण गेलं नव्हतं. ते सुनेच्या अंगावरून उठून सासूच्या अंगावर बसलं होतं, आणि आता त्याच्या हातात विज्ञानाचा दाखला होता.

"तवापासून सासूबाई पोरीले हात लावत नाई," रूपाली म्हणाली. "आंघोळ, मालिश सारं थेच करे. तिच्या हातानं पोरगी रडत नव्हती. कोपराचा व्यायाम थेच शिकली होती डॉक्टरीनबाईपासून. आता म्हनते, माह्या हातानं बिघडलं, अजून बिघडन. मी देतो तं पोरगी काळीनिळी होते रडून. मंग माह्याच्यानं होत नाई. राहून जाते."

राहून जाते. सांधे कोवळे असतात तोवरच हे काम असतं. डॉक्टरांनी तिला ते बजावलं होतं, आणि त्या घरातले एकमेव तयार हात पदराखाली जाऊन बसले होते.

त्या रविवारी मी आंजीला गेले. गिरजाबाई खुराड्याजवळ बसल्या होत्या. काळ्या, काटक, कपाळावर गोंदण. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तूच का थे? बरं सांगतलं व बाई तुनं. इतके वर्स कोनं सांगतलंच नाई." त्यांचा आवाज जराही चढला नाही. मला बाबांच्या सगळ्या पुस्तिका आठवल्या. देव्हाऱ्यासमोर, मांत्रिकासमोर, पंचायतीसमोर काय बोलायचं ते त्यांत होतं. ग्रहण पाळणाऱ्या बाईला 'तुझ्या पाळण्याने काही बिघडलेलं नाही' असं कसं सांगायचं, ते कुठेही नव्हतं.

मी सांगून पाहिलं. त्या मान हलवत राहिल्या. पटल्याची ती मान नव्हती, पाहुणीला देतात तशी होती. शेवटी मी म्हणाले, "मावशी, तुमचे अंडे आम्ही काय करतो ते तरी पाह्यले या." त्यांनी खुराड्याचं दार लावून घेतलं. म्हणाल्या, "बुधवारी पलास्तर हाय. त्या दिवशी येतो."

बुधवारी चौघं आली. दोघी बसने मुलीला घेऊन, गजानन मोटरसायकलवर अंडी घेऊन. गिरजाबाई दाराबाहेर चपला काढून आत आल्या, मागोमाग मुलीला घेऊन रूपाली. मी पेटीतून आठवडाभर उबवलेलं एक अंडं काढलं, पट्टी उचलली, भिंगाखाली धरलं. त्यांनी आधी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग बरोबर जमलं.

"हे लाल लाल शिरा हायेत," त्या म्हणाल्या. "हे काय व, काळं?"

"डोळा."

"इतला मोठा?" मग त्या भिंगाला आणखी चिकटल्या. "हालून राह्यलं. पाय झाडून राह्यलं, पाय."

"कोण हालवून राह्यलं त्याले?"

त्यांनी भिंगातून तोंड काढून माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे?"

"याची माय कुठी हाय मावशी?"

"कुठी हाय म्हंजे? आंजीले. तांबडीचं असन हे, असं कवच तिचंच."

"आता काय करत असन तांबडी?"

"असन पडली नालीजवळ. ऊन किती हाय."

"थे पडली हाय आन हे पाय झाडून राह्यलं."

गजानन दाराशी उभा होता. त्याने एक पाय बदलून दुसऱ्यावर भार घेतला. मला वाटलं, जिंकलं. गिरजाबाई पुन्हा भिंगात वाकल्या, बराच वेळ पाहिलं आणि सरळ झाल्या. "हे अंडं व्हय पोरी. कोंबडीच्या भाईर असते. बाईचं लेकरू बाईच्या पोटात असते. तिच्यासंग बांधलं असते."

सर कोपऱ्यात काहीतरी मोजत बसले होते. त्यांनी मान वर केली. असा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांपैकी फारसं कुणी विचारत नाही. ते उठून आले. "बांधलेलं असतं, बरोबर आहे," ते म्हणाले. "नाळेतून रक्त येतं-जातं, त्यातून पोषण मिळतं. पण आईचा मज्जातंतू नाळेतून बाळाच्या हातापर्यंत जात नाही. बाळाचा हात बाळाचेच तंतू हलवतात. आई चालत असो की झोपलेली असो."

गिरजाबाईंनी यातलं किती घेतलं, मला माहीत नाही. पण 'झोपलेली' या शब्दावर त्या थांबल्या. गजाननकडे बघत म्हणाल्या, "हा रातीच लाथा मारे. दिवसभर वावरात राहो तं गप. रातच्यानं पाठ टेकवली का सुरू. मले डोया लावू नाई दे."

सरांनी त्यांच्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

"आन याच्या वक्तीबी गिरान लागलं होतं," त्या म्हणाल्या. "माही सासू उशापाशी बसून होती. सोट्यावानी पडून होतो मी. बोट नाई हालवलं. आन हा आतमधी नाचून राह्यला होता. हाव, नाचून राह्यला होता."

गजानन फरशीकडे पाहत होता.

"मंग कोनामुळं झालं?" हे त्यांनी सरांना विचारलं.

"माहीत नाही," सर म्हणाले. "कधी तंतूत खोट असते, कधी स्नायूत, कधी त्यांच्या जोडावर. या मुलीचं अजून कळलेलं नाही. कदाचित कळणारही नाही."

"इतलं शिकून?"

"इतकं शिकून."

मी गेली काही वर्षं ही वाक्यं सूक्ष्मदर्शकाजवळ ऐकत आले आहे. पण एखाद्या घरासमोर ती अशी सरळ ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली. पुस्तिका म्हटली की दोषी लागतो. त्याशिवाय शेवटचं पान छापता येत नाही. इथे दोषी नव्हता, आणि तरीही त्या खोलीतल्या दोन बायकांच्या खांद्यांवरून काहीतरी खाली उतरताना मला दिसलं. मी गजाननला वेगळं घेऊन, यावेळी सावकाश, पुन्हा समजावलं. आधी बाळ, मग बाई, दोघांचे तंतू वेगळे. तो म्हणाला, "समजलं ताई. मायले काय म्हनू आता?" ते मला शिकवता येण्यासारखं नव्हतं.

स्वरा आता भिंतीला धरून उभी राहते. उजवा कोपर वाकून घास तोंडापर्यंत जातो. डावा अजून अर्ध्यावर अडतो, आणि डॉक्टर म्हणतात तो कदाचित तिथेच राहील. व्यायाम चालू आहे. तो कधी पुन्हा सुरू झाला, ते मला ठाऊक आहे, कारण मी तिथेच होते.

त्या बुधवारी आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा आधीच बाहेर गेलेली रूपाली बाकावर बसून मुलीचा कोपर वाकवत होती. मुलगी किंचाळत होती, आणि रूपाली स्वतः रडकुंडीला येऊन घाईघाईने दाबत होती, एकदाचं उरकावं म्हणून. गिरजाबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या. त्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासले, बराच वेळ घासले.

"असे झटके नोको देऊ व," त्या म्हणाल्या. "दुखते तिले. आन इकडे."

रूपालीने मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पलास्तराचे पाय काखेत नीट टेकवले, एक हात कोपराखाली धरला आणि नुसता धरूनच ठेवला. मुलीचा आवाज खाली येईपर्यंत त्यांनी काहीच केलं नाही. मग कोपर हळूच वाकायला लागला.

गजानन पुढे झाला. "माय," तो म्हणाला, "मी तुले त्या दिवशी..."

"अंडे उन्हात ठेवून आला तू," गिरजाबाई मान वर न करता म्हणाल्या. "कामाचे राह्यतीन का थे? जाय, सावलीत ठेव पह्यले."

तो गेला.